हजेरी नको, सोबत हवी

मुंबईच्या गिरणीत राबणारा बाप कोकणात घरी मनिऑर्डर करायचा, तेव्हा फॉर्मच्या तळाशी दोन-चार ओळींची जागा निरोपासाठी राखलेली असायची. पोस्टमन पैसे मोजून देई आणि तो तुकडा फाडून घरच्यांच्या हातात ठेवी. टपाल खात्याने १८८० साली मनिऑर्डरची सेवा सुरू केली. त्यानंतर कित्येक पिढ्या बाप आणि मुलं यांच्यातलं लेखी बोलणं बरंचसं या एवढ्याशा जागेत मावत होतं. पैसे मिळाल्याचं कळवा, धाकटीला शाळेत धाडा, गणपतीला येतो. जागा थोडी आणि उत्तर यायला आठवडा-पंधरवडा लागणार. मग त्यात उलटतपासणी करणार कशी? सांगायचं ते बाप सांगायचा आणि बाकीचं घरच्यांवर सोपवायचा.

आज लातूरला शिकवणीसाठी राहिलेल्या मुलाला, पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीला किंवा जर्मनीत शिकणाऱ्या लेकाला आईबाबा दिवसातून दहा वेळा लिहू शकतात. पैसे पडत नाहीत, वाट पाहावी लागत नाही, आणि मुलाने मेसेज वाचला की नाही हेही दिसतं. अडचणी संपल्या तसा त्यांनी घातलेला बांधही गेला. म्हणून आता आईबाबांना स्वतः ठरवावं लागतं, की मेसेज मुलाची हजेरी घेण्यासाठी पाठवायचा की त्याला सोबत करण्यासाठी. दोन्हींचे शब्द पुष्कळदा सारखेच असतात, परिणाम मात्र फार वेगळे. त्यांतला फरक कुठे पडतो, हे या प्रकरणात पाहू.

एकशे साठ अक्षरं, मराठीला सत्तर

१९८५ साली जर्मनीतल्या बॉन शहरात फ्रिडहेल्म हिलेब्रांड हे दूरसंचार तज्ज्ञ घरी टाइपरायटरवर मनाला येतील ती वाक्यं आणि प्रश्न टाइप करत होते आणि प्रत्येकातली अक्षरं, विरामचिन्हं, मोकळ्या जागा मोजत होते. मोबाइलवरून पाठवायच्या निरोपाला किती जागा पुरेल, एवढंच त्यांना काढायचं होतं. जवळजवळ प्रत्येक मजकूर १६० अक्षरांच्या आत बसत होता. पोस्टकार्डांवरचा मजकूरही बहुधा दीडशे अक्षरांच्या आतच संपतो, हेही त्यांच्या लक्षात आलं. मनिऑर्डरचा तुकडा लिहिणाऱ्या बापाला हे हिशेबावाचून ठाऊक होतं: जवळच्या माणसाला सांगायच्या रोजच्या गोष्टीला फार शब्द लागत नाहीत. पुढे ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने संगणकावरून व्होडाफोन कंपनीतल्या रिचर्ड जार्विस यांच्या फोनवर नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या. तो जगातला पहिला एसएमएस.

ही १६० ची मर्यादा रोमन लिपीची होती. एका एसएमएसमध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट मावतात. रोमन अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीसाठी जी पद्धत वापरावी लागते तिच्यात प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून जागा उरते फक्त ७० चिन्हांची. शिवाय काना, मात्रा, वेलांटी यांचीही वेगळी मोजणी होते. ‘जेवलास का?’ यात आपल्याला पाच अक्षरं आणि एक प्रश्नचिन्ह दिसतं; यंत्र मात्र मोकळी जागा धरून दहा चिन्हं मोजतं. त्यात सुरुवातीच्या अनेक फोनांवर देवनागरी उमटतच नसे. परिणाम असा झाला, की एका पिढीने आपल्या मुलांना मराठीतून पण रोमन लिपीत लिहिलं. ज्या आईला फक्त देवनागरी वाचता येत होती, तिच्या हातात फोन असूनही लेखी बोलणं तिच्यापासून दूरच राहिलं.

ही भिंत पुढच्या काळात टप्प्याटप्प्याने पडली. २००९ मध्ये व्हॉट्सअॅप आलं. त्याच्या दोन संस्थापकांपैकी यान कूम हे १९९२ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, आईबरोबर युक्रेन सोडून अमेरिकेत आले होते. वडील मागेच राहिले होते. २०१३ मध्ये त्या अॅपवर आवाजात मेसेज पाठवण्याची सोय झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यावर भारतात इंटरनेटचे दर कोसळले. २०१७ मध्ये गूगलने मराठीत बोलून टाइप करण्याची सोय दिली. जिला लिहायला जड जातं ती आईही आता स्वतःच्या बोलीत, मध्ये कुणाला न घेता, लेकराशी बोलू शकते.

आई परदेशी, मुलं घरी

स्वस्त मेसेजमुळे आईपण कसं बदलतं, हे सगळ्यात आधी आणि सगळ्यात तीव्रतेने फिलिपिन्सने अनुभवलं. या देशातल्या लाखो बायका घरकामगार, परिचारिका, आया म्हणून हाँगकाँग, आखाती देश, इंग्लंड, अमेरिकेत काम करतात. त्यांची स्वतःची मुलं आजीकडे, मावशीकडे किंवा वडिलांकडे वाढतात. मोबाइल येण्याआधी पत्र पोचायला आठवडे लागत. काही आया कॅसेटवर आवाज भरून पाठवत. एसएमएस स्वस्त झाल्यावर त्या देशात मेसेजचं प्रमाण एवढं वाढलं, की फिलिपिन्सला जगाची एसएमएस राजधानी म्हणू लागले.

मिर्का मादियानू आणि डॅनिएल मिलर या संशोधकांनी इंग्लंडमधल्या फिलिपिनो आया आणि मायदेशातली त्यांची मुलं या दोघांशीही दीर्घकाळ बोलून अभ्यास केला. त्यांचं पुस्तक २०१२ मध्ये आलं. आयांच्या दृष्टीने मोबाइल हे वरदान होतं. दुपारच्या सुट्टीत मुलाने काय खाल्लं, गृहपाठ झाला का, आज कुणाशी भांडण झालं, अशा बारीकसारीक गोष्टी कळू लागल्या आणि आपण पुन्हा आई झालो असं त्यांना वाटलं. मुलांचं म्हणणं एकसारखं नव्हतं. काहींना आई जवळ आल्यासारखी वाटली. काहींना, विशेषतः ज्यांच्या लहानपणीच आई दूर गेली होती त्यांना, हे सततचे मेसेज पाळत ठेवल्यासारखे वाटले. आई आपल्याला ओळखतच नाही, आपण अजून तिने सोडून गेलेलं लहान मूलच आहोत असं समजते, ही त्यांची तक्रार होती. आधीचं नातं जसं होतं तसाच मेसेज त्यांना लागला.

या दोघांच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. फोन, मेसेज, व्हिडिओ कॉल हे सगळं परवडायला लागलं, की कोणतं माध्यम निवडलं यालाच अर्थ येतो. पूर्वी आई फोन करत नसे कारण फोन महाग होता. आता केला नाही, तर तिने करायचा नाही असं ठरवलं, असा अर्थ मूल काढतं. वडिलांनी निकालाच्या दिवशी फोन न करता फक्त अंगठ्याची खूण पाठवली, तर मुलगी त्या खुणेपेक्षा न आलेल्या फोनचा विचार जास्त करते.

अशी ताटातूट महाराष्ट्राच्या आतही आहे. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. काहींची मुलं बरोबर जातात, काही गावी आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. आईबाप पहाटे फडात उतरतात, गाडी भरायला रात्र होते, कोपीवर विजेची खात्री नसते. मुलाच्या शाळेची वेळ आणि त्यांच्या सवडीची वेळ जुळत नाही. अशा घरासाठी नंतर ऐकता येईल असा आवाजी मेसेज फार मोलाचा. आई फडातून बोलते, मूल शाळेतून आल्यावर ऐकतं. पुण्यात रात्रीचा स्वयंपाक चालू असताना कॅलिफोर्नियात सकाळ झालेली असते. तिथल्या लेकीसाठीही मेसेज असाच थांबून राहतो. घड्याळं जुळत नसताना नातं तुटू न देणं, हे मेसेजचं खरं बळ.

रडू आलं तर फोन

या बळाला एक मर्यादा आहे आणि ती प्रयोगशाळेत तपासली गेली आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात लेस्ली सेल्टझर आणि सहकाऱ्यांनी सात ते बारा वर्षांच्या मुलींना अनोळखी मोठ्या माणसांसमोर भाषण करायला आणि गणितं सोडवायला लावली. अशा प्रसंगी शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. त्यानंतर काही मुलींना आई प्रत्यक्ष भेटली, काहींशी आई फोनवर बोलली, काहींशी तिने संगणकावर लेखी संवाद केला आणि काही मुली एकट्याच राहिल्या.

आई भेटली किंवा तिचा आवाज ऐकू आला, त्या मुलींचं कॉर्टिसॉल उतरलं आणि जवळीक व विश्वासाशी जोडलेलं ऑक्सिटोसिन वाढलं. फक्त लेखी संवाद झालेल्या मुलींची अवस्था एकट्या राहिलेल्या मुलींसारखीच होती. आईचे शब्द मायेचे होते, तरी शरीरापर्यंत दिलासा पोचला नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास लहान आहे, त्यात फक्त मुली होत्या, आणि रेकॉर्ड केलेला आवाजी मेसेज त्यात तपासला नव्हता. तरी त्यातून घ्यायचं ते घ्यावं. मुलाचा पेपर वाईट गेला, मैत्रीण तुटली, वसतिगृहात पहिली रात्र आहे आणि झोप येत नाही, अशा वेळी ‘काळजी करू नकोस, सगळं ठीक होईल’ असं टाइप करत बसू नये. फोन लावावा. बोलायला काही सुचलं नाही तरी चालेल. आवाज आपलं काम करतो.

टाइप केलेल्या शब्दाला चेहरा नसतो

लिहिलेल्या शब्दांची दुसरी अडचण म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनातला सूर वाचणाऱ्यापर्यंत जात नाही, आणि हे लिहिणाऱ्याला कळतही नाही. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना काही वाक्यं मनापासून आणि काही उपरोधाने लिहून ईमेलने पाठवायला सांगितलं. वाचणाऱ्याला आपला सूर सुमारे ७८ टक्के वेळा कळेल, असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो ५६ टक्के वेळाच कळला. म्हणजे नाणं उडवून ठरवण्यापेक्षा थोडंसंच बरं. आपण लिहिताना ते वाक्य मनात स्वतःच्याच आवाजात ऐकत असतो, म्हणून ते स्पष्ट आहे असं वाटतं. मुलगा ते स्वतःच्या त्या क्षणीच्या मनःस्थितीत वाचतो. वडिलांनी गमतीने लिहिलेलं ‘आज लवकर उठलास वाटतं’ हे त्याला टोमणा म्हणून लागतं.

पिढ्यांमध्ये यात एक खास फरक आहे. आपल्याला शाळेत वाक्य संपलं की पूर्णविराम द्यायला शिकवलं. मेसेजवर वाढलेल्या पिढीसाठी मेसेज पाठवला की वाक्य संपलंच. पूर्णविराम तिथे वेगळंच काहीतरी सांगतो. २०१५ मध्ये बिंगहॅमटन विद्यापीठातल्या डॅनिएल गनराज, सेलिया क्लिन आणि सहकाऱ्यांनी १२६ विद्यार्थ्यांना मेसेजमधली एकेका शब्दाची उत्तरं दाखवली. ज्या उत्तरांपुढे पूर्णविराम होता, ती विद्यार्थ्यांना कमी मनापासूनची वाटली. तेच शब्द हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवले तेव्हा फरक पडला नाही. हा अभ्यास इंग्रजी मेसेजचा आहे, पण मराठी घरांतही हे ओळखीचं वाटेल. सुट्टीत घरी येणार नाही असं मुलीने कळवलं, आईने सरळ मनाने ‘ठीक आहे.’ असं लिहिलं, आणि आई रागावली म्हणून मुलगी दिवसभर अस्वस्थ राहिली. आईने एकच ओळ जास्त लिहायला हवी होती: ‘ठीक आहे गं, परीक्षा झाली की निवांत ये’. मेसेजमध्ये चेहरा दिसत नाही, म्हणून मायेला शब्द जरा जास्त द्यावे लागतात.

हजेरीची सवय

नोव्हेंबर २०१४ पासून व्हॉट्सअॅपवर मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसू लागल्या. शेवटचं कधी ऑनलाइन होता, ते त्याआधीही दिसत होतंच. रात्री पावणेतीनपर्यंत मुलगा जागा होता हे आता नागपूरच्या आईला पुण्यातल्या मुलाला न विचारताच कळतं. मग सकाळचा पहिला मेसेज सुप्रभात नसतो, ‘रात्री कुणाशी बोलत होतास?’ असा असतो. मुलगा लवकरच या खुणा बंद करायला शिकतो. आईला वाटतं काहीतरी लपवतोय, आणि चौकशा वाढतात.

अमेरिकेतल्या मिडलबरी कॉलेजच्या मानसशास्त्रज्ञ बार्बरा होफर यांनी घरापासून दूर शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. आईवडिलांशी त्यांचा सरासरी १३ हून अधिक वेळा संपर्क होत होता, तोही एका आठवड्यात. निव्वळ संपर्क जास्त असणं वाईट ठरलं नाही. फोन आणि मेसेजवरून मुलांचा अभ्यास, उठणं-बसणं, वेळापत्रक चालवणाऱ्या आईवडिलांची मुलं मात्र स्वतःच्या बळावर निर्णय घेण्यात मागे होती आणि आईवडिलांशी असलेल्या नात्यावर कमी समाधानी होती. प्रश्न मेसेज किती येतात याचा नव्हता, ते कशासाठी येतात याचा होता.

‘पोचलास का?’ विचारणं चुकीचं मुळीच नाही. रात्रीच्या एसटीने निघालेल्या मुलाबद्दल आईला काळजी वाटणारच, आणि ‘पोचलो’ हा एक शब्द तिचा जीव भांड्यात पाडतो. हजेरी तेव्हा सुरू होते, जेव्हा प्रत्येक मेसेज प्रश्न असतो, प्रत्येक प्रश्नाला ताबडतोब उत्तर हवं असतं आणि उत्तर न देणं हा गुन्हा ठरतो. अशा घरात मुलाला फोनवर आईचं नाव दिसलं की आधी आठवतं, आपलं काय राहिलंय.

सोबत करणारा मेसेज

सोबत कशी असते, याचा एक अनपेक्षित पुरावा शस्त्रक्रियेच्या टेबलावरून आला. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये छोट्या शस्त्रक्रिया होत असताना जागे असलेल्या ९८ रुग्णांचे गट केले गेले. काहींनी नेहमीसारखी फक्त औषधं घेतली, काहींनी मोबाइलवर गेम खेळला, काहींनी आपल्या माणसाशी आणि काहींनी पूर्ण अनोळखी व्यक्तीशी मेसेजवर गप्पा मारल्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सगळ्यात कमी वेदनाशामक लागलं ते अनोळखी माणसाशी बोलणाऱ्यांना. मेसेज वाचून पाहिल्यावर एक गोष्ट दिसली. आपली माणसं शरीराबद्दल, दुखण्याबद्दल जास्त बोलत होती. अनोळखी माणसाशी चाललेल्या गप्पांमध्ये आनंदाचे शब्द जास्त होते, आणि रुग्ण आपल्याला काय आवडतं, आपण कोण आहोत, याबद्दल बोलत होता.

आईबाबांनी याचा विचार करावा. आपली माया बहुधा ताप, जेवण, झोप आणि गुण यांच्या चौकशीत संपते. मुलाला आवडलेला सिनेमा, त्याने पाहिलेला किल्ला, वर्गात पटलेला मुद्दा, याबद्दल शेवटचं कधी लिहिलं होतं? १९२८ च्या उन्हाळ्यात जवाहरलाल नेहरू अलाहाबादला होते आणि दहा वर्षांची इंदिरा मसुरीला. त्यांनी तिला पत्रं लिहिली ती पृथ्वी कशी झाली, पहिले जीव कसे आले, माणूस गटाने का राहू लागला, याबद्दल. साने गुरुजींनी पुतणी सुधाला लिहिलेली पत्रंही निसर्गाच्या आणि माणसांच्या गोष्टींनी भरलेली आहेत. ही माणसं मुलींना आपल्या जगात बोलावत होती. दूर असलेल्या मुलाला हेच हवं असतं: घरातल्या माणसांचं मन कशात रमलंय, याची खबर.

त्यासाठी विद्वत्ता लागत नाही. ‘आज पहिला पाऊस आला. गच्चीत तू लावलेल्या मोगऱ्याला दोन कळ्या आल्यात.’ ‘दुकानात तुझे जुने सर भेटले, तुझं नाव निघालं.’ ‘तू सांगितलेलं पुस्तक वाचतोय, पन्नास पानं झाली.’ यांतल्या एकाही वाक्याला उत्तराची गरज नाही, म्हणूनच बहुधा त्यांना उत्तर येतं. विचारायचंच असेल तर ज्याचं उत्तर हो-नाहीत संपणार नाही असं विचारावं: ‘आज मेसमध्ये सगळ्यात वाईट काय होतं?’ हे ‘जेवलीस का?’पेक्षा जास्त बोलतं करतं. आणि उत्तर उशिरा आलं तर ‘एवढा वेळ कुठे होतीस?’ असं कधीच म्हणू नये. उशिराचं उत्तरही उत्तरच असतं.

जे बोलता येत नाही ते लिहावं

काही गोष्टी समोरासमोर बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जातं. जोसेफ वॉल्थर या संवादशास्त्राच्या अभ्यासकाने १९९६ मध्येच मांडलं होतं, की लेखी संवादात माणसाला विचार करायला, शब्द निवडायला, खोडायला वेळ मिळतो, आणि त्यामुळे कधीकधी प्रत्यक्ष भेटीपेक्षाही जास्त जवळीक साधते. किशोरवयीन मुलांना हे फार लागू पडतं. एकाच घरात, शेजारच्या खोलीत दार लावून बसलेला मुलगा ‘मला सायन्स नकोय’ हे वडिलांच्या डोळ्यांत बघून सांगू शकत नाही. लिहून सांगू शकतो. असा मेसेज आला की वडिलांनी पहिल्या दहा मिनिटांत सल्ला देऊ नये. ‘बरं झालं सांगितलंस. रात्री निवांत बोलू.’ एवढं पुरे.

वडिलांसाठीही हीच वाट खुली आहे. आपल्या घरांत बापाने मुलासमोर ‘माझं चुकलं’ म्हणण्याची रीत फारशी नाही. तोंडाने जमत नसेल तर लिहावं. ‘सकाळी मी जास्तच बोललो. तुझी चूक नव्हती.’ ही दोन वाक्यं मुलाच्या फोनमध्ये राहतात आणि तो ती पुन्हा वाचतो. भांडण मात्र मेसेजवर करू नये आणि मिटवायचं असेल तर शेवट आवाजात करावा. ५६ टक्क्यांचा आकडा तिथे आठवावा.

सगळ्या अभ्यासांचा मेळ घातला तर आईबाबांच्या हाती तीन साध्या गोष्टी उरतात. मूल खचलेलं असेल तेव्हा आवाज. कौतुक, माफी आणि रोजच्या खबरी लिहून. आणि उत्तर मागणाऱ्या प्रत्येक मेसेजमागे, काहीच न मागणारे दोन-तीन. असे मेसेज मिळत राहिलेलं मूल एक दिवस, कुणी विचारलं नसताना, स्वतःहून लिहितं. तो पहिला मेसेज मुलाकडून येणं हीच या सगळ्या खटाटोपाची खरी कसोटी आहे, आणि तो यावा म्हणून आईबाबांनी आपले चार प्रश्न आवरायला काहीच हरकत नसावी.